पहिल्या मजल्याची खिडकी

६ जानेवारी, सोमवार

झालं! सोसायटीने सीसीटीव्हीचं खातं शेवटी माझ्याच गळ्यात मारलं. चेअरमन दिपेशभाई म्हणाले, "बबनभाई, आप रिटायर हो. टाइम है." टाइम आहे! उभा जन्म विमा कंपनीच्या रेकॉर्ड विभागात काढला, एक फाइल इकडची तिकडे झाली नाही, म्हणून निवड केली असं म्हणता आलं असतं. पण नाही. टाइम आहे.

कारण एकच — मांजर. करड्या रंगाची, शेपटी मोडकी. बिल्डिंगमधलं कुणीतरी तिला रोज मासे घालतंय. ती जिन्यात व्याली, पिल्लं मोठी झाली, आणि आता सगळं कुटुंब दिपेशभाईंच्या स्कूटरच्या सीटवर झोपतं. सीटच्या चिंध्या झाल्यात. वर दिपेशभाईंना मांजराच्या केसांनी शिंका येतात. मागच्या मीटिंगमध्ये ते बोलले कमी आणि शिंकले जास्त.

"जो भी खिलाता है, मुझे स्क्रीन पे चाहिए," म्हणाले. मी म्हटलं, मिळेल.

७ जानेवारी, मंगळवार

तळमजल्यावरच्या सोसायटीच्या ऑफिसात बसून प्रोग्रॅम उघडला. एक मोठी खिडकी, तिच्या पोटात आठ छोट्या. गेट, पार्किंग, पाण्याची टाकी, मागची गल्ली, गच्ची आणि तीन मजले — जितके कॅमेरे तितक्या खिडक्या. ऐकायला सोपं वाटतं. पण गेटची उघडली की पार्किंगची तिच्याखाली दडते. पार्किंगची बाजूला ओढावी तर टाकीची झाकली जाते. एक खिडकी जरा वर सरकवली, तर ती इतकी वर गेली की तिची डोक्यावरची पट्टीच मोठ्या खिडकीच्या कडेआड गेली. आता तिला धरायचं कुठे? अर्धा तास मी माउस घेऊन नुसता झटापट करत होतो. वॉचमन नाथा दारात उभा राहून बघत होता. त्याला हाकललं.

मग कॅमेरे बसवणाऱ्या स्वप्नीलला मीरा रोडला फोन लावला. "काका, वर विंडो मेनू आहे ना, त्यात जा. कॅस्केड दाबा, नाहीतर टाइल दाबा. हरवलेल्या सगळ्या परत येतात."

दाबलं. आल्या! कॅस्केड म्हणजे पत्ते पिसून हातात धरतात तसं — एकीमागे एक, प्रत्येकीची फक्त पट्टी दिसते. टाइल म्हणजे फरशी बसवल्यासारखं, सगळ्या शेजारीशेजारी, पण एकेक काड्यापेटीएवढी. मिनिमाइझ केलं की खाली तळाला जाऊन पडते. मॅक्झिमाइझ केलं की बाकी सगळ्यांना गिळते.

बायको ममता चहा घेऊन खाली आली होती. "जमतंय का?" म्हणाली. म्हटलं, रेकॉर्ड विभाग काय वेगळा होता?

८ जानेवारी, बुधवार

आठही खिडक्यांच्या माथ्यावर एकच नाव — 'लाइव्ह व्ह्यू'. हा काय कारभार झाला? आठ भावंडांचं नाव एकच ठेवल्यासारखं. आज मी सगळ्यांचं बारसं केलं.

गेट, पार्किंग, टाकी बघूनच ओळखता येतात. मजले मात्र तिन्ही सारखे. तोच कठडा, त्याच पायऱ्या, तोच साबुदाण्याच्या खिचडीसारखा रंग. त्यात रंगाऱ्यांनी कॅमेऱ्यांच्या काचांवर शिंतोडे उडवलेत, आणि घरांची दारं कॅमेऱ्यात येतच नाहीत. मग मी डोकं लढवलं. तिन्ही मजल्यांच्या खिडक्या बंद केल्या, क्रमाने पुन्हा उघडल्या — पहिला, दुसरा, तिसरा — आणि कॅस्केड केलं. मग सगळ्यात पुढच्या पट्टीपासून नावं देत मागे गेलो. पहिला मजला, दुसरा मजला, तिसरा मजला. मराठीत!

खात्री म्हणून नाथाला दुसऱ्या मजल्यावर पाठवून हात वर करायला लावला. बरोबर 'दुसरा मजला' खिडकीत हात वर झाला. नाथा खाली येऊन म्हणाला, "साहेब, बाकीचे बी बघायचे का?" त्याचे गुडघे दुखतात. म्हटलं, नको. आम्ही रेकॉर्ड विभागातही नमुनाच तपासायचो.

मॉनिटरवर चिठ्ठी लावली : 'हात लावू नये. खिडक्या लावलेल्या आहेत.'

९ जानेवारी, गुरुवार

'तिसरा मजला' — म्हणजे आमचाच — सगळ्यांच्या मागे ढकलून दिला. खुर्ची मिळाली म्हणून स्वतःच्या दाराशी काय चाललंय ते बघत बसणं बरं दिसत नाही. बायको घरात, मुलगा कॅनडात, समोरचे बाराही महिने गावाला. तिथे बघायचं आहे काय?

'पहिला मजला' मात्र मोठा करून मधोमध ठेवलाय. तिथे ऑड्रेबाई राहतात. मूळच्या उत्तनजवळच्या तारोडीच्या, नर्स होत्या. भाऊ होडीवर, त्यामुळे घरात ताजी मासळी. मी कुणावर संशय घेत नाही. पण मासळी आहे म्हणजे आहे.

११ जानेवारी, शनिवार

दिसली!

सकाळी अकराच्या सुमाराला 'पहिला मजला' खिडकीत एक बाई आली. डोक्याला न्हाल्यावर गुंडाळतात तसा टॉवेल. अंगात तो मोठ्या फुलांचा गाऊन. त्या गाऊनवरून काही ठरत नाही — दिवाळीत गोडदेव गावातला गाऊनवाला सोसायटीत आला होता, तेव्हा झाडून सगळ्या बायकांनी तोच घेतला. वरच्या पायरीवर बसली. हातात कागदाची पुडी. आणि मांजर शेपटी उभारून हजर!

मी खुर्ची ढकलली आणि जिन्याने धावत वर गेलो. पहिला मजला — चिटपाखरू नाही. ना बाई, ना मांजर, ना काटा. खाली येऊन बघतो तर खिडकीतही कुणी नाही. माझी धाप तेवढी शिल्लक.

जिन्यात वास मात्र होता. तळलेल्या बोंबलांचा. खोटं कशाला लिहू, क्षणभर पाय अडले. मासे सोडून तीन वर्षं झाली. मुलाचा, अथर्वचा, कॅनडाचा व्हिसा अडला होता तेव्हा कुलदेवीला नवस बोललो — व्हिसा होऊ दे, मासे सोडतो. आठवड्यात व्हिसा आला. नवस माझा, पण चूल एकच, त्यामुळे ममतानेही सोडले. ती मालवणची! माशांवर वाढलेली! पण एका शब्दाने तक्रार नाही. संसार याला म्हणतात.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

ममता हल्ली फार गोड वागतेय. आज गुळाच्या पोळ्या, वर तुपाची धार, माझ्या शुगरचं नावही काढलं नाही. जेवताना म्हणाली, "मग, आज काय काय दिसलं तुमच्या खिडक्यांमधून?"

म्हटलं, "सगळं दिसतं मला. पण मी बोलत नाही."

ती एकदम थांबली. मग खाली बघून हसली. लग्नानंतर पहिल्या वर्षी हसायची तशी! आणि अजून एक पोळी वाढली. बाईमाणसाला नवऱ्याच्या हातात थोडा अधिकार आलेला आवडतो, हे खरं.

१६ जानेवारी, गुरुवार

हद्द झाली. टॉवेलवाली आज पुन्हा आली. मांजरीला घातलं आणि उठताना सरळ कॅमेऱ्याकडे बघून हात केला. मला! स्टेशनवर गाडी सुटताना करतात तसा!

चेहरा बघावा म्हणून खिडकी मॅक्झिमाइझ केली, तर नुसते चौकोन. काचेवरचा रंगाचा थेंब नेमका नाकावर. छोट्या खिडकीत बाई दिसते पण ओळखू येत नाही, मोठ्या खिडकीत बाईच दिसत नाही.

धावत गेलो. कुणी नाही. ही बाई हवेत विरते की काय?

१७ जानेवारी, शुक्रवार

आजही हात केला. निर्लज्ज!

१८ जानेवारी, शनिवार

आता सापळा. नाथाला सांगितलं, उद्यापासून सकाळभर पहिल्या मजल्यावर स्टूल टाकून बसायचं. हलायचं नाही. मी खिडकीतून बघतो, तू तिथे पकड.

एक गोष्ट लक्षात आली ती लिहून ठेवतो. 'पहिला मजला' खिडकीत वर्दळ फारच कमी. वरच्या मजल्यांची माणसं पहिल्यावरून जातात की नाही? की कॅमेरा कोपऱ्यात लागलाय? स्वप्नीलला विचारायला हवं.

१९ जानेवारी, रविवार

माझा विश्वासच बसत नाही. नाथा खोटं बोलतो!

अकरा वाजता टॉवेलवाली आली. पायरीवर बसली, मांजरीला घातलं, मला हात केला आणि गेली. आणि खिडकीत नाथा नव्हता! स्टूलही नव्हतं! मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो.

नंतर खाली आला तर म्हणतो, "साहेब, म्या हितंच व्हतो. पहिल्या माळ्यावर. कुणीबी आलं न्हाय."

"नाथा, मी स्वतः बघत होतो. तू तिथे नव्हतास."

"आईशप्पत साहेब, स्टूलावरनं उठलो न्हाय. मुतायला बी न्हाय गेलो."

इतकं धडधडीत! तोंडावर!

२० जानेवारी, सोमवार

पुन्हा तेच. बाई आहे, मांजर आहे, नाथा नाही. दिपेशभाईंना सांगावं लागलं. आधी शिंकले, मग म्हणाले, "सोता होगा कहीं. ऐसे आदमी को रखके क्या फायदा?"

२१ जानेवारी, मंगळवार

प्रकरण वाटतं त्यापेक्षा खोल आहे. आज जुनं रेकॉर्डिंग काढून बसलो. 'पहिला मजला' खिडकीत रोज सकाळी एक म्हातारा दिसतो. वरून टक्कल, मागे केसांची झालर. खाकोटीला कापडी पिशवी. सकाळी पायऱ्या उतरून जातो, दुपारी जेवायच्या वेळेला परत येतो. परत जातो. संध्याकाळी परत येतो. पहिल्या मजल्यावर असा माणूस राहत नाही. मला सगळे माहीत आहेत.

ऑड्रेबाई एकट्या राहतात.

मी काहीच म्हणत नाही. शर्ट मात्र इस्त्रीचा होता, चाल ताठ होती. चांगल्या घरचा असावा.

२३ जानेवारी, गुरुवार

ऑड्रेबाईंकडे गेलो. आडून आडून विचारलं — तुमच्या मजल्यावर मांजर फार दिसतं म्हणे?

त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "माज्या मजल्यावर? माज्या मजल्यावर झुरळ पन न्हाय. हा नाथा कवाधरना बसलाय बिचारा स्टूलावर, मीच त्याला चाय देते."

"नाथा? इथे?"

"मग काय उत्तनला?"

म्हणजे यांचं संगनमत आहे! मग म्हटलं, आणि ते गृहस्थ? टक्कल असलेले? रोज येतात ते?

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या तोंडाकडे, मग माझ्या डोक्याकडे. मग जे हसायला लागल्या, कठड्याला धरून हसत बसल्या. "बबनभाव," म्हणाल्या, "तुमी एकदा तुमचा मजला पन बगा."

बायकांनी हसून विषय टाळायचा म्हटलं की पुढे बोलणं खुंटतं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन. दिपेशभाईंनी झेंडा फडकवला, जिलेबी वाटली, आणि लगेच जाहीर केलं — पुढच्या रविवारी मीटिंग, नाथाला काढायचा ठराव. "बबनभाई ने अपनी आँखों से देखा है." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. नाथाने नाही बघितलं. तो झेंड्याची दोरी आवळत होता.

नोकरी गेली म्हणजे जिन्याखालची खोलीही गेली. बिल्डिंगच्या पायापासून इथे आहे तो. त्याची बायको माझ्या ऑफिसच्या दारासमोरच भांडी घासते. आज घासताना आवाज आला नाही.

घरी ममताने विचारलं, "नाथाचं काही वाईट होऊ देणार नाही ना तुम्ही?"

"मीटिंगमध्ये सगळं उघड करणार आहे मी."

"सगळं?"

"सगळं! कोण घालतं, कुठे घालतं, पडद्यावर दाखवून. नाव घेऊन!"

रात्री आमटीत मीठ नव्हतं.

२८ जानेवारी, मंगळवार

टॉवेलवाली दोन दिवस आली नाही. कुणकुण लागली असणार. मांजर खिडकीत पायरीवर बसून वाट बघतेय. मला ती खिडकी आता रिकामी बघवत नाही, काय गंमत आहे! त्या निर्लज्ज हाताची सवय झाली होती की काय?

ममता आता चहा नाथाच्या हाती खाली पाठवते. नाथा कप ठेवतो आणि माझ्याकडे न बघता जातो. पहिल्या मजल्यावर स्टूल टाकून बसणं त्याने अजून सोडलेलं नाही. कशाला बसतोस म्हटलं तर म्हणाला, "तुमीच सांगितलंय साहेब, हलायचं न्हाय."

३० जानेवारी, गुरुवार

क्रमवार लिहून ठेवतो.

सकाळी लाइट गेले. आले तेव्हा प्रोग्रॅम नव्याने उघडला आणि माझी सगळी मांडणी विस्कटून आठही खिडक्या एकमेकींवर पडल्या. नावं तेवढी टिकली. वैतागून 'टाइल' दाबलं. आठही शेजारीशेजारी लागल्या. मागे ढकललेली 'तिसरा मजला' सुद्धा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.

तिच्यात नाथा बसला होता. स्टूलावर. मांडीवर काठी.

मी नाथाला हाक मारली. खिडकीतला नाथा उठला. जिन्यावर पावलं वाजली आणि तो माझ्या दारात उभा राहिला. "कुठे होतास?" "पहिल्या माळ्यावर, साहेब."

मग मी जन्मात केलं नव्हतं ते केलं. नाथाला माझ्या खुर्चीवर बसवलं, त्याच्या हातात फोन दिला, आणि स्वतः आमच्या तिसऱ्या मजल्यावर जाऊन उभा राहिलो. फोनवर विचारलं, "नाथा, मी कुठल्या खिडकीत दिसतो?"

"ते सगळ्यात वरच्या वळीत. पहिला मजला लिवलंय त्यात."

"नीट बघ! मीच आहे ना?"

"तोंड दिसत न्हाय साहेब. टक्कल दिसतंय. तुमचंच हाय."

खाली आलो आणि बसलो. कॅस्केड! सगळ्यात शेवटी उघडलेली खिडकी सगळ्यात पुढे येते. मी पहिला, दुसरा, तिसरा असं उघडलं, म्हणजे पुढे होता तिसरा. आणि मी पुढून नावं दिली. तिसऱ्याला म्हटलं पहिला, पहिल्याला म्हटलं तिसरा. मधला दुसरा मात्र मधेच राहिला — आणि नमुना म्हणून मी तपासला तो नेमका दुसरा! रेकॉर्ड विभाग!

नाथा जिथे सांगितलं तिथेच बसला होता. मी त्याला मागच्या खिडकीत टाकून, पुढच्या खिडकीत शोधत होतो. आणि पुढच्या खिडकीतला तो चांगल्या घरचा म्हातारा — असो. मला इतकं टक्कल आहे हे कुणी सांगितलं कसं नाही?

हे सगळं झाल्यावर मग डोक्यात आलं. तो जिना आमचा. त्या पायऱ्या आमच्या, गच्चीवर जाणाऱ्या. समोरचे गावाला.

मग ती बाई कोण?

३१ जानेवारी, शुक्रवार

दार लावून सगळं रेकॉर्डिंग बघितलं. आता खिडकी मोठी करायची गरजच पडली नाही. एकदा कळल्यावर काड्यापेटीएवढ्या खिडकीतही चालण्यावरून माणूस ओळखू येतं. उजवा पाय जरा जपून टाकते. टॉवेल आमचा, निळ्या काठाचा. मीच रोज वाळत घालतो.

ममता पायरीवर बसते. पुडी उघडते. मांजरीला आधी नाही घालत — आधी स्वतः खाते! इतके दिवस मी नुसता मांजरीकडे बघत होतो. बोंबील असावेत. दोन बोटांनी काटा बाजूला काढते, मान मागे टाकते, हळूहळू खाते. शेवटी बोटं चाटते. मग काटे, डोकी मांजरीपुढे ठेवते आणि तिच्याशी काहीतरी बोलते. बराच वेळ बोलते. आणि हसते, खांदे हलतात तिचे.

पुडी खालून येते. एका दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये ऑड्रेबाई स्वतः वर येऊन देताना दिसल्या. दोघी पायरीवर बसून हसत होत्या.

मी तो तुकडा पुन्हा पुन्हा लावला. मला राग यायला हवा होता. नाही आला. लाज वाटली. नवस मी बोललो, आणि तीन वर्षं ही बाई माझ्या नवसाची भाजी-आमटी खात राहिली. मी एकदाही विचारलं नाही. संसार याला म्हणतात, असं याच वहीत लिहून मोकळा झालो. आणि आता तिला बोंबील खायला स्वतःच्या घराबाहेर जिन्यात, डोकं गुंडाळून, मांजरीसोबत बसावं लागतं.

एक तेवढं कळत नाही. हात का करते?

१ फेब्रुवारी, शनिवार

ममताशी बोलायचं ठरवलं. बोललो नाही. उपमा चांगला झाला होता असं म्हटलं. ती म्हणाली, उपमा नाही, सांजा आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

मीटिंग गच्चीवर. खुर्च्या मांडायला नाथाच. स्वतःला काढायच्या मीटिंगच्या खुर्च्या त्याने सरळ रांगेत लावल्या होत्या. ममता कधी मीटिंगला येत नाही, आज आली. इस्त्रीची साडी नेसून मागच्या रांगेत ऑड्रेबाईंच्या शेजारी बसली. चेहरा पांढरा. पदराचं टोक मुठीत.

दिपेशभाई म्हणाले, "तो बबनभाई, बताइए, किसको देखा आपने?"

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ममता उठत होती. तिचे ओठ हललेले मी बघितले. ती पूर्ण उभी राहायच्या आत मी उभा राहिलो.

"नाथा जागेवरच होता," मी म्हटलं. "एक दिवस हलला नाही. खिडक्यांची नावं मी उलटी लावली. पहिल्याला तिसरा म्हटलं, तिसऱ्याला पहिला. चूक सगळी माझी. नाथा, तुझी माफी मागतो." इतक्या लोकांत मी कधी कुणाची माफी मागितली नव्हती.

नाथा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या साहेब, खाली बसा."

दिपेशभाई काही सोडणारे नव्हेत. "वो ठीक है. मगर बिल्ली को खिलाता कौन है?"

"मी."

"आप? आपने तो मच्छी छोड़ दी है!"

"म्हणूनच तर मांजरीला घालतो," मी म्हटलं. कुठून सुचलं देव जाणे. सगळे हसले. ऑड्रेबाई सगळ्यांत मोठ्याने.

ठराव झाला तो असा : नाथा राहील. मांजर आणि पिल्लं ऑड्रेबाई तारोडीला भावाकडे नेतील, होडीवर उंदीर झालेत म्हणे. दिपेशभाईंच्या स्कूटरचं सीट मी शिवून देईन. आणि सीसीटीव्हीचं खातं माझ्याकडून काढून घेण्यात येत आहे. एकमताने. मीही हात वर केला.

जिना उतरून आमच्या मजल्यावर आल्यावर ममताने कॅमेऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी उत्तनला जाऊन बोंबील घेऊन आलो. ओट्यावर ठेवले आणि म्हटलं, नवस माझा आहे, तुझा कधीच नव्हता. ममता पिशवीकडे बघत राहिली. डोळे भरले तिचे. म्हणाली, "नाव घेणार म्हणालात तेव्हा घाबरलेच मी. पण आतून वाटत होतं, नाही घेणार. महिनाभर रोज तिथे बसून बघत होतात, एका शब्दाने अडवलं नाहीत. एवढं समजून घेतलंत, म्हणून तर मी रोज हात करायचे. दिसायचा ना?"

मी म्हटलं, हो. दिसायचा.